पेरू देशाची संस्कृती आणि चालीरीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूचं नाव काढलं की माचू पिचूचा तो एकच फोटो डोळ्यांसमोर येतो. जागा अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण ज्यांच्या पूर्वजांनी ती उभी केली ती माणसं आजही त्याच डोंगरांत शेती करतात, आपली भाषा बोलतात, जत्रेला जातात, बाजारात भाव करतात. इथले प्रश्न या जिवंत माणसांबद्दल आहेत. फिरायला जाणारे, कामानिमित्त जाणारे, नुसतंच कुतूहल असणारे, सगळे थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

पेरू नेमका कसा देश आहे?

एका देशात तीन देश आहेत म्हणा ना. तिथले लोकही तसंच सांगतात: कोस्ता म्हणजे किनारा, सिएरा म्हणजे डोंगर आणि सेल्वा म्हणजे जंगल. किनारा जवळजवळ पूर्ण वाळवंट आहे. राजधानी लिमा तिथेच आहे, आणि सुमारे ३ कोटी ४० लाख लोकसंख्येपैकी जवळपास एक तृतीयांश लोक त्या एका शहरात राहतात. लिमात पाऊस असा पडतच नाही. जून ते सप्टेंबर करडं आभाळ आणि धुक्यासारखी भुरभुर असते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सिएरा म्हणजे अँडीज पर्वत. कुस्को शहर ३,४०० मीटर उंचीवर आहे. सेल्वा म्हणजे ॲमेझॉनचं जंगल, देशाची निम्म्याहून जास्त जमीन. तिथल्या इकितोस या मोठ्या शहराला बाहेरून जाणारा रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर नदीने.

जेवण, कपडे, बोलण्याची ढब, नाच, सगळं या तीन भागांप्रमाणे बदलतं. म्हणून 'पेरूचे लोक असं करतात' असं कोणी सरसकट म्हणालं, तर कुठले लोक ते आधी विचारावं.

तिथल्या लोकांना 'इंका' म्हणायचं का?

नाही. इंका ही राजवट होती. १५३२ मध्ये स्पॅनिश सरदार पिसारोने काहामार्का इथे सम्राट आताहुआल्पाला पकडलं, पुढच्या वर्षी मारलं आणि ते साम्राज्य कोसळलं. इंकांचा भर जेमतेम शंभर वर्षांचा. त्यांच्या आधी हजारो वर्षं इथे मोठ्या संस्कृती होऊन गेल्या. लिमाच्या उत्तरेला असलेलं काराल हे शहर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या काळातलं.

डोंगरातली माणसं आज स्वतःची ओळख गावावरून सांगतात, भाषेवरून सांगतात किंवा 'काम्पेसिनो' म्हणजे शेतकरी म्हणून सांगतात. 'इंदिओ' हा शब्द मात्र चुकूनही वापरू नका. तो शिवीसारखा लागतो, आणि त्यामागे शतकांचा अपमान आहे. १९६९ च्या २४ जूनला हुआन वेलास्को आल्वारादो यांच्या सरकारने जमीन सुधारणा कायदा आणला, तेव्हा त्या दिवसाचं 'इंदिओ दिन' हे जुनं नाव बदलून 'काम्पेसिनो दिन' करण्यात आलं.

कोणती भाषा बोलतात?

बहुतेक सगळे स्पॅनिश बोलतात. त्याशिवाय ४८ मूळ भाषा आहेत, त्यांतल्या ४४ ॲमेझॉनच्या भागातल्या. सगळ्यात मोठी केचुआ. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. तितिकाका सरोवराच्या बाजूला आयमारा बोलतात. केचुआला १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी दवाखान्यात आणि कोर्टात केचुआ बोलणाऱ्या आजीबाईंची अडचण आजही होतेच. लिमात आलेल्या कित्येक कुटुंबांनी मुलांना टोमणे ऐकावे लागू नयेत म्हणून घरात ती बोलणं सोडून दिलं होतं. आता तरुण पोरं केचुआत रॅप आणि पॉप गातात, ही फार चांगली गोष्ट घडते आहे.

'आयनी' हा शब्द सारखा वाचनात येतो. ते काय आहे?

पेरू समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथून करावी.

आज तुम्ही माझ्या शेतात बटाटे काढायला या, पुढच्या आठवड्यात मी तेवढेच दिवस तुमच्याकडे येईन. पैसे नाहीत, कागद नाही, पण हिशेब पक्का. आपल्याकडची सावड अगदी अशीच. आणि एखाद्याचं मोठं काम एका दिवसात उरकायला सगळ्यांनी यायचं, यजमानाने पोटभर जेवण आणि मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेलं पेय, द्यायची, त्याला 'मिन्का' म्हणतात. ती आपली इर्जिक. आपल्याकडे ट्रॅक्टर आले तशी इर्जिक बऱ्याच गावांतून गेली. अँडीजमध्ये हे सगळं अजून टिकून आहे, कारण तिथल्या उतारावरच्या अरुंद शेतांत यंत्र चालत नाही, माणसंच लागतात.

याचं डोळ्यांनी दिसणारं रूप म्हणजे केस्वाचाकाचा पूल. कुस्को प्रांतात आपुरिमाक नदीवर साधारण ३० मीटर लांबीचा हा झुलता पूल पूर्णपणे गवताचा आहे. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या चार वस्त्या तो नव्याने बांधतात. घरटी ठरलेल्या मापाची गवताची बारीक दोरी वळून आणायची. गवत आधी दगडाने ठेचून, भिजवून मऊ करतात, मग बायका दोन तळव्यांमध्ये धरून ते वळत जातात. या बारीक दोऱ्या एकत्र पिळून जाड दोर होतो, असे दोर गुंफून मांडीएवढे मुख्य दोरखंड होतात, आणि ते ओढायला दोन्ही काठांवर पुरुषांच्या रांगा लागतात. जुना पूल कापून नदीत सोडून देतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी जेवण आणि नाच. जवळच लोखंडी पूल आहे, त्यामुळे नुसतं पलीकडे जायचं असतं तर याची गरजच नव्हती. २०२० मध्ये महासाथीमुळे काम झालं नाही, आणि २०२१ मध्ये जुना पूल तुटून पडला. त्याच वर्षी लोकांनी तो पुन्हा उभा केला. युनेस्कोने २०१३ मध्ये या परंपरेला वारशाचा दर्जा दिला आहे.

शहरातही आयनी आहेच, फक्त रूप वेगळं. लिमाच्या भोवतीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर डोंगरातून आलेल्या लोकांनी आपल्या हातांनी वस्त्या वसवल्या. घराचा स्लॅब टाकायचा दिवस ठरला की नातेवाईक, गाववाले, मित्र जमतात आणि बादल्या हातोहात वर जातात. कोणाचं ऑपरेशन असलं की घरचे 'पोयादा' करतात: मसाला लावलेलं कोंबडीचं ताट करायचं, तिकिटं आधीच विकायची, आणि जमलेले पैसे दवाखान्याला. शेजाऱ्याला भूक नसली तरी तो तिकीट घेतो, कारण उद्या त्याच्यावर वेळ आली तर हेच लोक त्याच्याकडून घेणार आहेत.

पाचामामा कोण?

धरणीमाता. ती देते, म्हणून तिलाही द्यायचं. चिचा किंवा बियर पिण्याआधी पहिले थेंब जमिनीवर सांडतात, अगदी शहरी तरुणसुद्धा. ऑगस्ट हा तिचा महिना, कारण नांगरणी-पेरणीच्या आधी जमीन भुकेली असते असं मानतात. तेव्हा कागदावर कोकाची पानं, लामा या उंटाच्या जातीच्या प्राण्याची चरबी, धान्य, शिंपला, रंगीत मिठाई अशी एक-एक वस्तू हळूहळू मांडून पुडी बांधतात आणि ती जाळतात किंवा पुरतात. मोठ्या शिखरांनाही 'आपू' म्हणून मान आहे. पर्यटकांसाठी पैसे घेऊन हे विधी करून दाखवणारे आता पुष्कळ झालेत. गावात कोणी आपणहून बसायला बोलावलं तर मात्र जरूर बसावं, आणि मोबाइल खिशात ठेवावा.

मग धर्म कोणता?

२०१७ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे तीन चतुर्थांश लोक कॅथलिक आहेत. पण वर सांगितलेलं सगळं करणारे लोकही हेच. दोन्हींत विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही, आणि आपणही ती शोधायला जाऊ नये.

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. टेबलाच्या मधोमध ताटात काय आहे ते नीट बघा: चार पाय वर केलेला भाजलेला कुई, म्हणजे गिनिपिग. पाहुण्याला सगळ्यात चांगलं ते वाढायचं, हे चित्रकाराच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

लिमात ऑक्टोबर हा जांभळा महिना. १६५१ मध्ये अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने मातीच्या भिंतीवर क्रूसावरचा येशू रंगवला. १६५५ च्या भूकंपात आजूबाजूचं सगळं पडलं, ती भिंत उभी राहिली. तोच 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस', चमत्कारांचा स्वामी. त्याची मिरवणूक निघते तेव्हा लाखो माणसं रस्त्यावर उतरतात, बायका जांभळे झगे घालतात, पुढे धुपाचा लोट असतो, आणि पालखी खांद्यावर घ्यायला भाविकांच्या तुकड्या आळीपाळीने येतात. ज्या गुलामांना देवळात मागे उभं करत, त्यांचा देव आज देशातला सगळ्यात मोठा देव आहे. परदेशात गेलेले पेरूवासी जिथे असतील तिथे ऑक्टोबरमध्ये ही मिरवणूक काढतात.

बटाटा खरंच तिथला का?

हो. तितिकाकाच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी तो शेतात आला. एकट्या पेरूमध्ये तीन हजारांहून जास्त वाण आहेत: जांभळे, काळे, लाल, आतून चक्राकार नक्षी असलेले. एका वाणाला इतके उंचवटे-खळगे असतात की त्याचं केचुआ नावच 'सुनेला रडवणारा' असं आहे. नव्या सुनेला तो सोलायला देत आणि तिचा हात कसा चालतो ते सासू बघत असे. आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रही १९७१ पासून लिमातच आहे. ३० मे हा पेरूचा बटाटा दिन होता. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ पासून तो जगाचा केला.

यातली 'चुन्यो'ची रीत मला सगळ्यात थोर वाटते. जून-जुलैमध्ये ३,८०० मीटरच्या वर रात्री कडाक्याचं हिंव पडतं. छोटे कडवट बटाटे मोकळ्या रानात गवतावर पसरतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हात सैल पडतात. काही दिवस असं झालं की घरातली माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात, आतलं पाणी आणि कडवटपणा निघून जातो, मग पुन्हा वाळवण. शेवटी हातात येतो तो हलका, काळपट, सुपारीसारखा कडक तुकडा. तो वर्षानुवर्षं टिकतो. पीक बुडालं, दुष्काळ पडला तरी घरात अन्न असतं. हे लोक फ्रीजशिवाय हजारो वर्षांपासून अन्न गोठवून वाळवत आले आहेत.

आणखी काय खातात? सेविचे म्हणजे काय?

ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, त्यावर लिंबाचा रस, मीठ, मिरची आणि पातळ चिरलेला लाल कांदा. लिंबाच्या आंबटपणाने मासा पांढरा आणि घट्ट होतो. बाजूला उकडलेलं रताळं आणि मोठ्या दाण्यांचा मका. सेविचे दुपारीच खायचं, कारण मासा सकाळचा हवा. चांगली सेविचेची दुकानं संध्याकाळी बंद असतात. २०२३ मध्ये त्यालाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

मुख्य जेवण दुपारचं. साध्या खानावळीत 'मेनू' मागितलं की सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असं ठरलेलं ताट स्वस्तात मिळतं. उठताना अनोळखी शेजाऱ्यालाही 'प्रोवेचो' म्हणतात.

जागोजागी 'चिफा' पाट्या दिसतील, त्या चिनी खानावळी. १८४९ पासून चिनी मजूर शेतांत आणि खतासाठी ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा, खणायला आणले गेले, त्यांचे हाल गुलामांसारखेच झाले. त्यांच्या वंशजांचा 'चौफा' भात आज घराघरात होतो. १८९९ मध्ये जपानी आले, त्यांनी सेविचेला नवी चव दिली.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

लिमा आणि कुस्कोत नाही. छोट्या गावांत थोडे होतात. 'कार्ने' म्हणजे बहुतेकांच्या लेखी लाल मांस, त्यामुळे 'बिना कार्ने' सांगितलं की कोंबडी येते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सोय वेहेतारिआनो, नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो', म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस, कोंबडी, मासे काही खात नाही. बाई असेल तर 'वेहेतारिआना'. सूपचं पाणी बहुतेक वेळा कोंबडीचं असतं आणि तामालमध्ये, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात, डुकराची चरबी असू शकते, तेवढं विचारून घ्या.

मागण्यासारखं पुष्कळ आहे. 'पापा आ ला हुआन्काइना' म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीची दाट चटणी, वर उकडलेलं अंडं असतं ते नको म्हणायचं. आरेकिपाचं 'सोल्तेरितो' म्हणजे पावट्यासारख्या ओल्या फावा शेंगांचे दाणे, मका आणि चीज. रस्त्यावर मक्याचं कणीस चीजच्या तुकड्यासोबत मिळतं. 'पिकारोनेस' म्हणजे भोपळा-रताळ्याच्या पिठाची तळलेली गरमागरम गोल कडी, वर काकवीसारखा पाक. आणि 'किविचा' दिसला तर ओळखाल: तो राजगिराच. मूळ अमेरिका खंडातलंच हे धान्य, तिथेही ते फुलवून, पाकात घालून त्याच्या वड्या करतात.

एक सूचना: 'रोकोतो' दिसायला छोट्या लाल भोपळी मिरचीसारखा असतो. तो तसा नाही. कोल्हापूरकरांनीसुद्धा आधी छोटा तुकडा खाऊन बघावा.

गिनिपिग खरंच खातात?

हो, अँडीजमध्ये हजारो वर्षांपासून. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाळतात आणि लग्न, बारसं, जत्रा अशा प्रसंगीच कापतात. नको असेल तर नम्रपणे नको म्हणावं. तोंड वाकडं करणं वाईट दिसतं.

कोकाची पानं म्हणजे अमली पदार्थ ना?

पान आणि कोकेन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पान चघळतात, त्याचा चहा करतात, विरळ हवेत डोकं दुखलं तर घेतात. रस्त्यात कोणी भेटलं की पानांची देवाणघेवाण होते. तीन चांगली पानं निवडून त्यांवर डोंगरांच्या दिशेने फुंकर घालतात, मग तोंडात टाकतात. पेरूमध्ये हे कायदेशीर आहे. भारतात मात्र नाही, म्हणून चहाची एक पुडीसुद्धा बॅगेत आणू नका.

भेटल्यावर कसं वागायचं? नावाने हाक मारायची का?

लिमात पुरुष-बाई आणि बाई-बाई भेटल्या की उजव्या गालाला गाल लावतात, पुरुष हात मिळवतात. डोंगरात नुसता हलका हात. वयाने मोठ्यांना 'सेन्योर', 'सेन्योरा' आणि क्रियापद आदरार्थी. बाजारात विक्रेती आणि गिऱ्हाईक एकमेकांना 'कासेरिता' म्हणतात, आणि खरेदी झाली की हक्काने 'यापा' मागायची, म्हणजे मापावर थोडं जास्त. ते मिळतंच.

आडनावं दोन असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. लग्नानंतर बायका नाव बदलत नाहीत.

घरी बोलावलं तर?

काहीतरी गोड घेऊन जा. आठची वेळ दिली असेल तर साडेआठला जा. कामाच्या बैठकीला मात्र वेळेवर. वाढलेलं सगळं खावं आणि तारीफ करावी, पेरूच्या माणसाला आपल्या जेवणाचा फार अभिमान आहे.

मित्रांत बियर प्यायची एक पद्धत आहे. पाच जणांत एक बाटली आणि एकच ग्लास. आपल्यापुरती ओतायची, बाटली पुढच्याकडे द्यायची, पिऊन झालं की तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लासही पुढे. पीत नसाल तर सरळ सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, हे नातं फार मोठं आहे. बारसं, जावळ, पदवी, लग्न, घराचं छप्पर, प्रत्येकाला वेगळे पाद्रिनो असतात. जावळाच्या वेळी पाद्रिनो पहिली बट कापतो, पैसे ठेवतो, मग बाकीचे पाहुणे एकेक बट कापून बाळाच्या नावाने पैसे घालतात. तुम्हाला हा मान दिला तर ती आयुष्यभराची जबाबदारी समजा.

विणकाम एवढं का गाजतं?

कारण लिपी नसलेल्या समाजाने आपलं ज्ञान धाग्यात ठेवलं. इंकांचे हिशेब 'किपू' नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर असत. तितिकाकातल्या ताकिले बेटावर पुरुष विणकाम करतात, मुलगा लहानपणीच सुया हातात घेतो. पूर्ण लाल टोपी लग्न झालेल्याची, वरचा भाग पांढरा असेल तर अविवाहित. विकत घेताना एवढंच बघा की हाताने विणलेल्या शालीमागे काही आठवड्यांचं काम असतं. तिथे घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो काढायचा तर आधी विचारावं. कुस्कोत पारंपरिक पोशाखात लामासारखा लोकरीचा अल्पाका घेऊन उभ्या असलेल्या बायका त्याचे पैसे घेतात, ते त्यांचं काम आहे.

कोणते सण बघण्यासारखे?

फेब्रुवारीत पुनो शहरात कान्देलारिया मातेची जत्रा, हजारो नर्तक आणि वादक. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, सूर्याचा सण. स्पॅनिश राजवटीत त्यावर बंदी आली होती, आजचं रूप १९४४ पासूनचं. २८ जुलै हा १८२१ च्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस, घरोघरी झेंडा लावावाच लागतो. ३१ डिसेंबरला पिवळे कपडे घालतात, बारा द्राक्षं खातात, आणि प्रवासाचा योग यावा म्हणून बॅग घेऊन रस्त्यावर फेरी मारतात.

या सगळ्यांत कोय्युर रितीची यात्रा वेगळी. कुस्कोजवळच्या हिमाच्छादित सिनाकारा खोऱ्यात ती भरते. अस्वलाच्या वेशातले 'उकुकू' रात्री हिमनदीवर चढत आणि पहाटे पवित्र बर्फाचे तुकडे पाठीवर घेऊन उतरत. हिमनदी आटत चालली तशी त्यांनी बर्फ तोडणं आपणहून बंद केलं.

कोणते विषय जपून काढावेत?

१९८० ते २००० हा काळ. आयाकुचो भागातून 'सेन्देरो लुमिनोसो' या माओवादी संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला, लष्करानेही निर्दयपणे उत्तर दिलं. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज दिला. त्यांतल्या चारपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी मूळ भाषा होती. मधे सापडलेली गावंच्या गावं संपली. कोणी आपणहून सांगितलं तर ऐकावं, गंमत म्हणून खोदून विचारू नये. समजून घ्यायचं असेल तर लिमातल्या 'लुगार दे ला मेमोरिया' या संग्रहालयात जावं. 'तेर्रुको', म्हणजे दहशतवादी, हा शब्द आजही विरोधकाचं तोंड बंद करायला वापरतात.

दुसरा विषय चिली. १८७९ च्या युद्धात चिलीने लिमा ताब्यात घेतली होती. पिस्को दारू कोणाची, हा वाद अजून चालू आहे. पेरूमध्ये बसून ती चिलीची म्हणू नये.

स्पॅनिश येत नसेल तर अडतं का?

पर्यटनाच्या ठिकाणी नाही, बाकी सगळीकडे हो. पाच-पन्नास शब्द शिकून जा. डोंगरात जाणार असाल तर केचुआचेही दोन शिका: 'आल्यिल्यान्चु', म्हणजे बरं आहे ना, आणि कुस्कोकडचं 'सुल्पायकी', म्हणजे आभार. बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना एवढं म्हटलं की त्या पुढचं सगळं केचुआतच बोलायला लागतात. तिथून पुढे खाणाखुणा आणि मोडकंतोडकं स्पॅनिश पुरतं.